कंटेनर उभा, मीटर चालू: डिटेन्शन आणि ग्राउंड रेंटबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांत बंदराच्या बिलांचा विषय सगळ्यात जास्त आहे. मूर्तिजापूरपासून गोंदियापर्यंत तक्रार सारखीच: भाडं ठरलं होतं तेवढंच दिलं, पण नंतर आलेल्या बिलांनी नफा खाल्ला. उत्तरांआधी तीन शब्द सुटे करून घेऊ, कारण बहुतेक पत्रांत तिन्हींना ‘डेमरेज’ म्हटलं आहे आणि त्यामुळे भांडण चुकीच्या माणसाशी होतं.

रेल्वेच्या मालधक्क्यावर काम केलेल्यांना हा फरक चटकन कळेल. वाघीण वेळेत रिकामी केली नाही तर रेल्वे डेमरेज लावते, आणि उतरवलेला माल धक्क्यावर पडून राहिला तर वारफेज. एक वाघिणीचं, दुसरं जागेचं. कंटेनरचंही तसंच आहे. डबा जहाज कंपनीचा, म्हणजे लाइनचा. तो भरलेला असताना बंदरात मुदतीपेक्षा जास्त राहिला तर लाइन डेमरेज लावते. बंदराबाहेर काढल्यापासून रिकामा परत करेपर्यंत मुदत ओलांडली तर डिटेन्शन. आपल्याकडे बऱ्याच लाइनी दोन्ही एकत्र मोजतात आणि बिलावर फक्त ‘डिटेन्शन’ लिहितात. जागेचं भाडं, म्हणजे ग्राउंड रेंट, वेगळं. ते टर्मिनल, सीएफएस (बंदराजवळचं कंटेनरचं गोदाम-यार्ड) किंवा आयसीडी (नागपूरसारखं, समुद्रापासून दूर असलेलं कोरडं बंदर) घेते. एकाच डब्यावर एकाच दिवशी दोन मीटर चालू असू शकतात आणि एकाने सूट दिली तरी दुसऱ्याचं मीटर थांबत नाही.

प्रश्न: मुंबईच्या आयातदाराकडून मोझांबिकच्या तुरीचे वीस फुटी पाच कंटेनर हाय सी सेलने (माल समुद्रात असतानाच केलेला सौदा) घेतले. लाइनचं बिल आलं ४,२४,८०० रुपयांचं! बंदरातून मिलवर माल यायला तर दोनच दिवस लागले. मग हे १४ दिवस काहून लावले? तारखा सोबत पाठवतो. — डाळ मिलचालक, मूर्तिजापूर, जि. अकोला

उत्तर: भाऊ, तारखा पाठवल्या हे फार बरं केलं. बिल वाचायची पहिली पायरी तीच. तुमच्या तारखा अशा आहेत. १ तारखेला डबे न्हावा शेवाला उतरले. ३ तारखेला सीएफएसमध्ये गेले. बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सकडे द्यायचा आयातीचा कागद, ४ तारखेला भरलं. प्लांट क्वारंटाईन (कीड-रोग तपासणी) आणि एफएसएसएआयचे (अन्नसुरक्षा प्राधिकरण) नमुने ६ तारखेला निघाले, अहवाल ११ ला आला, कस्टम्सचा आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल सोडण्याचा हुकूम, १२ ला. १३ ला ट्रेलर निघाले, १५ ला मिलवर, १६ ला खाली, आणि रिकामे डबे यार्डात १९ ला.

लाइनने मोफत दिवस ५ दिले होते, तेही उतरल्याच्या दिवसापासून, रविवार-सुट्टी धरून. म्हणजे ६ ते १९, असे १४ दिवस. तुमच्या बिलात पहिल्या पाच दिवसांना रोज ३,०००, पुढच्या पाचांना ५,००० आणि त्यानंतर ८,००० असा चढता दर आहे. डब्यामागे १५,००० अधिक २५,००० अधिक ३२,०००, एकूण ७२,०००. पाच डब्यांचे ३,६०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ६४,८००. बेरीज बरोबर आहे. पाच डब्यांत १,२५० क्विंटल तूर धरली तर क्विंटलमागे जवळपास ३४० रुपये झाले. शिवाय सुट्ट्या किंवा २५ किलोवरच्या पोत्यांतल्या डाळीवर जीएसटी नाही, म्हणून या बिलातल्या जीएसटीचं क्रेडिटही मिळत नाही. ते पैसे गेलेच.

आता शेवटचे चार दिवस बघा, १६ ते १९. एका डब्याचे ३२,००० तिथेच गेले, आणि तेव्हा तूर तुमच्या गोदामात येऊनसुद्धा पडली होती. १६ तारखेचा दिवस खाली करण्यात गेला, पुढचे तीन परतीच्या वाटेत आणि यार्डाबाहेरच्या रांगेत. विदर्भातल्या आयातदाराचं खरं नुकसान इथे होतं: भिवंडीचा व्यापारी डबा दुसऱ्या दिवशी परत करतो, आपल्याला जाण्या-येण्यातच चार-पाच दिवस लागतात, आणि ते दर सर्वांत वर चढलेला असताना.

म्हणून कंटेनर वऱ्हाडात आणायचाच कशाला, हा विचार आधी करा. आउट ऑफ चार्ज मिळताच सीएफएसमध्येच डबे रिकामे करून तूर साध्या ट्रकमध्ये भरून घ्या. रिकामा डबा जवळच्या यार्डात त्याच दिवशी जातो. तुमच्याच तारखांवर हिशोब केला तर मीटर १३ तारखेला थांबलं असतं: आठ दिवस, डब्यामागे ३०,०००. ४२,००० वाचले असते. ट्रेलरचं भाडं रिकाम्या परतीसह द्यावं लागतं, ट्रकवाल्याला अकोल्याहून परतीचा माल मिळतो, त्यामुळे भाड्यातही फरक पडतो. सीएफएसची हमाली आणि डीस्टफिंगचा (डबा रिकामा करण्याचा) खर्च त्यातून वजा करा. फाटलेली पोती आणि वजनातली तूट हा यातला धोका आहे. म्हणून आपला माणूस तिथे उभा करा, डब्यागणिक पोती मोजा, प्रत्येक ट्रक काट्यावर भरलेला-रिकामा तोला आणि पावसाळ्यात दोन ताडपत्र्यांशिवाय ट्रक सोडू नका.

दुसरी चूक बिल ऑफ एंट्रीची. १९६२ च्या कस्टम्स कायद्याचं कलम ४६ सांगतं की आफ्रिकेहून समुद्रमार्गे येणाऱ्या अशा मालाचं बिल ऑफ एंट्री जहाज पोचण्याच्या आदल्या दिवसाअखेर भरलेलं हवं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि नंतर रोज १०,००० रुपये लेट फी लागते. ती तुम्हालाही लागली असणार, चलन काढून बघा. जहाज अपेक्षित असण्याच्या ३० दिवस आधीपासून ते भरता येतं. बरेच मिलवाले ‘सरकार ड्युटी कमी करेल, थोडं थांबू’ म्हणून रोखतात. त्याची गरज नाही. आगाऊ भरलेल्या बिलाला जहाजाच्या एंट्री इनवर्डच्या (कस्टम्सने माल उतरवायला परवानगी दिल्याच्या) दिवसाचाच दर लागतो, त्यामुळे आधी भरल्याने तुम्ही जुन्या दराला बांधले जात नाही.

आगाऊ भरलं असतं तर नमुने डबे सीएफएसला पोचले त्याच दिवशी, ३ तारखेला, निघू शकले असते. अहवाल ८ ला, आउट ऑफ चार्ज ९ ला, रिकामे १० ला. फक्त पाच दिवसांचे १५,०००. आणि १४ मोफत दिवस असते तर शून्य.

ते १४ दिवस कुणी मागायचे? इथे हाय सी सेलची गोम आहे. मोफत दिवस बुकिंगच्या वेळी ठरतात आणि बुकिंग करणारा तुमचा विक्रेता किंवा त्याचा आफ्रिकेतला पुरवठादार असतो. त्याला दिवसांचं काही पडलेलं नसतं, बिल तुमच्या नावावर येतं. म्हणून सौद्याच्या कागदात दोन ओळी घालून घ्या: बिल ऑफ लेडिंगवर (लाइनने दिलेली मालाची पावती) किमान १४ मोफत दिवस छापलेले असतील, आणि मूळ कागद (फायटोसॅनिटरी आणि फ्युमिगेशन सर्टिफिकेटसह) जहाज येण्याच्या सात दिवस आधी तुमच्या सीएचएच्या, म्हणजे कस्टम्स दलालाच्या, हातात असतील, नाहीतर उशिराचं डिटेन्शन विक्रेत्याचं. जहाज निघण्याआधी लाइन दिवस वाढवून देते, कारण तिला भाडं हवं असतं. जहाज लागल्यावर ती कशाला देईल?

कागद हातात आल्यावर बिल ऑफ लेडिंग, इनव्हॉइस आणि लाइनने भरलेल्या आयजीएमच्या (जहाजावरच्या मालाची कस्टम्सला दिलेली यादी) नोंदी शेजारी ठेवून वाचा. मालकाचं नाव, आयईसी (आयात-निर्यात परवाना क्रमांक), पोत्यांची संख्या, वजन, कंटेनर आणि सील नंबर. एक आकडा जरी चुकला तरी आयजीएम दुरुस्तीत दोन-तीन दिवस जातात आणि त्या दिवसांची सूट कुणी देत नाही.

डीपीडीबद्दलही (डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी) तुम्ही विचारलं आहे. त्यात डबा सीएफएसला न जाता ४८ तासांत थेट टर्मिनलवरून उचलायचा असतो. ज्या मालाला नमुने-अहवाल लागतात, त्याला ते जमणं कठीण. यंत्रांच्या सुट्या भागांसाठी ती सोय उत्तम, तुरीसाठी तिच्यावर विसंबू नका.

नागपूरच्या आयसीडीपर्यंत बिल ऑफ लेडिंग करून घेणं हा आणखी एक रस्ता आहे. मग बंदरातून रेल्वेने डबा आणण्याची जबाबदारी लाइनची आणि रिकामा डबाही नागपुरातच परत. पण दोन गोष्टी आधी लेखी घ्या: मोफत दिवस आयसीडीत पोचल्यापासून मोजणार की न्हावा शेवाला उतरल्यापासून, आणि तुमच्या मालाची क्वारंटाईन तपासणी तिथे होते का. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर हा रस्ता सोडा.

प्रश्न: आमची जिनिंग-प्रेसिंग आहे. रुईच्या गाठी बाहेर देशी पाठवायला नागपूर आयसीडीतून रिकामे डबे घेतो. यंदा लाइनने जहाज दोनदा पुढे ढकललं आणि वर आम्हालाच डिटेन्शन लावलं. उशीर त्यांचा, पैसे आमचे, असं कसं? — जिनिंगचालक, पांढरकवडा, जि. यवतमाळ

उत्तर: जहाज ढकलण्याला ‘रोलओव्हर’ म्हणतात. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हापासून युरोपच्या फेऱ्या आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या आणि वेळापत्रकं विस्कटली. तेव्हा जे शिकलो ते असं: रोलओव्हर लाइनने केला असेल तर त्या दिवसांची सूट मागणं हा तुमचा हक्काचा विषय आहे, पण ती मागितल्याशिवाय मिळत नाही आणि फोनवर मागितलेली टिकत नाही. ढकलल्याचा मेल आला त्याच दिवशी उत्तर टाका (कट-ऑफ म्हणजे डबा आत घेण्याची शेवटची मुदत, गेट-इन म्हणजे तो फाटकातून आत गेल्याची नोंद): ‘बुकिंग क्रमांक अमुक, कंटेनर क्रमांक अमुक, आमचा डबा कट-ऑफच्या आत तमुक तारखेला गेट-इन झाला होता, जहाज बदल तुमच्याकडून आहे, नव्या जहाजापर्यंतचे डिटेन्शन आणि ग्राउंड रेंट आमच्यावर लावू नये, लेखी कळवावे.’ सोबत गेट-इनची पावती जोडा. पावतीशिवाय हे पत्र लंगडं आहे. म्हणूनच आधी बघायचं ते हे की तुमचा डबा खरोखर वेळेत गेला होता का.

तुमच्या पत्रातल्या तारखा पाहता पहिल्या खेपेला तो वेळेत नव्हता. प्रेसमधून गाठी निघायच्या होत्या तेव्हाच तुम्ही डबे उचलले. सहा दिवस ते अंगणात रिकामे उभे होते. उलटा हिशोब मांडा. समजा, न्हावा शेवाचा गेट कट-ऑफ २० तारखेला आहे. नागपूरहून रेल्वेने पोचायला दोन-तीन दिवस. पण गाडी रोज तुमच्यासाठी सुटत नाही. कंटेनरच्या पूर्ण रेकमध्ये, म्हणजे एका मालगाडीत, ४५ वाघिणी असतात, वीस फुटी ९० डबे मावतात आणि चालवणारा ती भरण्याची वाट बघतो. त्याचे आणखी दोन-तीन दिवस धरा. म्हणजे कस्टम्स उरकून भरलेला डबा १३-१४ ला आयसीडीत हवा. १२ ला भरणी, ११ ला रिकामा डबा उचलणं. ११ च्या आधी उचलण्यात काही फायदा नाही. लॉट नंबर लागले, नमुना पास झाला, एलसी (खरेदीदाराच्या बँकेची पैशांची हमी) किंवा आगाऊ रक्कम हातात आली, मग डबा. दर बुकिंगला आयसीडीच्या खिडकीवर एकच प्रश्न विचारा: ‘पुढचा रेक किती भरलाय?’ अर्ध्याहून कमी भरला असेल आणि कट-ऑफ जवळ असेल तर ट्रेलरने पाठवायचं का हे त्याच वेळी ठरवा. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे, ७०१ किलोमीटर, पूर्ण खुला आहे. ऐनवेळी तो पर्याय राहतो, भाडं मात्र रेल्वेपेक्षा चढं पडेल.

डबा उचलताना पाच मिनिटं त्याच्या आत जा. दोघं आत, एकाने बाहेरून दोन्ही दारं लावायची, टॉर्च बंद. छतातून किंवा कोपऱ्यातून उजेडाचा ठिपका दिसला तर तो डबा नाकारा. आज उजेड येतो तिथून उद्या पाणी येईल. लाकडी तळावर हात फिरवा. ओल, तेलाचा डाग, रसायनाचा वास असेल तर रुईला तो डबा चालत नाही. दाराचं रबर चारही बाजूंनी बघा. वाकलेला पत्रा दिसला तर फोटो काढा आणि ईआयआर पावतीवर तिथेच लिहून घ्या. ही पावती म्हणजे डबा कोणत्या अवस्थेत हातात आला याचा एकमेव पुरावा. तिच्यावर ‘साउंड’ लिहून तुम्ही सही केली की जुना पोचाही तुमच्या नावावर लागतो.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही पण विचारायला हवी होती. माल परदेशी बंदरात उतरला आणि तिथल्या खरेदीदाराने वेळेत सोडवला नाही तर काय? बिल ऑफ लेडिंगवर शिपर, म्हणजे माल पाठवणारा, म्हणून तुमचं नाव आहे. खरेदीदार पळाला की तिकडचं डेमरेज लाइन तुमच्याकडे मागते. रुईचे भाव पडले की हे हमखास घडतं. म्हणून किमान २० टक्के आगाऊ घेतल्याशिवाय डबा भरू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. एलसी असेल तर जहाज सुटल्यावर कागद २१ दिवसांच्या आत बँकेत द्यायचे असतात, पण २१ दिवस थांबायचे नसतात. चौथ्या-पाचव्या दिवशी द्या. डबे पोचले आणि कागद बँकेत अडकले की तिकडे मीटर चालू होतं.

प्रश्न: वीस फुटी डब्यात ५० किलोचे ५२० कट्टे तांदूळ भरला. व्हीजीएम चुकलं म्हणून डबा गेटवर अडला, जहाज गेलं. वजन तर बरोबर होतं. चूक कुठे? — राइस मिलचालक, गोरेगाव, जि. गोंदिया

उत्तर: तुम्ही व्हीजीएममध्ये २६,००० लिहिलं. ते निव्वळ तांदळाचं वजन झालं. १ जुलै २०१६ पासून जगभर लागू असलेल्या नियमाप्रमाणे व्हीजीएम म्हणजे भरलेल्या डब्याचं एकूण वजन. तांदूळ २६,०००, रिकामा कट्टा १०० ग्रॅमचा धरला तर ५२० कट्ट्यांचे ५२ किलो, डब्याच्या दारावर टेअर (रिकाम्या डब्याचं वजन) लिहिलेलं असतं, समजा २,२३०. एकूण २८,२८२. खाली लाकूड, चटया, पुठ्ठा टाकला असेल तर तोही धरा. शिपिंग बिल (कस्टम्सकडे द्यायचा निर्यातीचा कागद) आणि बिल ऑफ लेडिंगच्या मसुद्यात ग्रॉस वजन मात्र डब्याशिवाय, २६,०५२. हे दोन आकडे वेगळेच असले पाहिजेत. सारखे दिसले की समजा कुणीतरी चूक केली.

टेअर बुकिंगच्या कागदावरून घेऊ नका, दारावरूनच घ्या आणि फोटो ठेवा. आणि धर्मकाट्यावर ट्रेलरसकट तोललं असेल तर ट्रेलरचं वजन, त्यातलं डिझेल, बसलेला क्लीनर, सगळं वजा झालंय का बघा. दारावर ‘मॅक्स ग्रॉस’ही लिहिलेलं असतं, बहुतेक डब्यांवर ३०,४८०. त्याच्या वर जायचं नाही, पण ट्रेलरला रस्त्यावर परवानगी किती आहे ही मर्यादा वेगळी, तीही तपासा.

न्हावा शेवाला जाणाऱ्या डब्याला तीन कट-ऑफ असतात: व्हीजीएमचा, बिल ऑफ लेडिंगच्या मसुद्याचा म्हणजे एसआयचा, आणि गेटचा. पहिले दोन चुकले की फॉर्म १३ (डबा बंदरात नेण्याचा परवाना) अडतो, फॉर्म १३ नाही तर गेट नाही, आणि ट्रेलर पार्किंगमध्ये हॉल्टिंग (थांबून राहण्याचं भाडं) लावत उभा. तिन्ही वेळा बुकिंग आल्या दिवशी मिलच्या भिंतीवर लिहा. गेट उघडण्याच्या आधी पोचणंही तोट्याचंच.

निर्यातबंदीबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. २० जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली आणि वाटेत असलेले कितीतरी डबे अडकले. त्या अधिसूचनेत सूट होती ती कशाला? अधिसूचनेच्या आधी जहाजात भरणी सुरू झालेल्या, किंवा कस्टम्सच्या ताब्यात देऊन त्यांच्या यंत्रणेत नोंद झालेल्या मालाला. मिलमध्ये भरून उभ्या असलेल्या डब्याला काहीच नाही. अशा हवेत भरलेला डबा लवकरात लवकर आयसीडीत नेऊन नोंद करून घेणं शहाणपणाचं, ग्राउंड रेंटचे दोन दिवस लागले तरी चालतील. या स्तंभात एरवी आम्ही उलट सांगतो, पण हा अपवाद आहे.

प्रश्न: आमची शेतकरी कंपनी पहिल्यांदा संत्री रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरने दुबईला पाठवणार आहे. कोणते जास्तीचे खर्च अंगावर येऊ शकतात? — संचालिका, शेतकरी उत्पादक कंपनी, वरूड, जि. अमरावती

उत्तर: ताई, रीफरला साध्या डब्याचे सगळे खर्च आहेतच, शिवाय वीज. प्लगला लावलेल्या प्रत्येक दिवसाचा किंवा पाळीचा प्लग-इन आकार, रस्त्यावर जेनसेटचं (वीज देणाऱ्या जनरेटरचं) भाडं आणि डिझेल. मोफत दिवस कमी, चढता दर जास्त. म्हणून रीफर सगळ्यात शेवटी मागवायचा.

आपली संत्री ६ ते ७ अंशांवर टिकतात. त्याखाली गेली तर सालीवर डाग पडतात. पण रीफर माल थंड करत नाही, थंड माल थंड ठेवतो, हे पॅकहाउसमधल्या सगळ्यांना पाठ करून द्या. बागेतून आलेलं २८-३० अंशांचं फळ सरळ डब्यात भरलं तर आतलं तापमान खाली यायलाच कितीतरी वेळ जाईल, आणि फळ तोवर सुकेल. आधी प्रीकूलिंग करा, गाभ्याचं तापमान सुई-थर्मामीटरने मोजा, मग भरा. डबा घेताना पीटीआय, म्हणजे यंत्र तपासल्याचा दाखला, मागा आणि पडद्यावर सेट केलेला आकडा स्वतः बघा. उणे-अधिकची गल्लत झालेले डबे बंदरात परत उघडावे लागतात. ताजी हवा येण्याची झडप किती उघडी ठेवायची हे बुकिंगमध्ये लिहिलेलं असावं. संत्री श्वास घेतात. पेट्या आतल्या लाल रेषेच्या वर चढवू नका आणि खालच्या खाचांची जमीन दारापर्यंत झाकली गेली पाहिजे, नाहीतर हवा मोकळ्या जागेतून पळते आणि मधल्या पेट्या तापतात.

अंबियाच्या हंगामात पाऊस लांबला तर तोडणी थांबते. म्हणून बुकिंग तोडणी ठरल्यावर करा, बागवानाने ‘होऊन जाईल’ म्हटल्यावर नको. पहिल्या खेपेला एकच डबा.

प्रश्न: मोफत मुदतीच्या शेवटच्या दिवशी रिकामा डबा परत न्यायला गेलो, यार्डाने ‘जागा नाही’ म्हणून गेटवरून परत पाठवलं. दोन दिवसांचं डिटेन्शन आम्हीच भरायचं का? — ट्रान्सपोर्टर, कारंजा, जि. वाशिम

उत्तर: नाही, पण पुरावा त्याच तासाला तयार करावा लागतो. ड्रायव्हरने यार्डाच्या पाटीसकट, डब्याचा क्रमांक दिसेल असा, वेळ-ठिकाण उमटलेला फोटो काढायचा. तो तिथूनच लाइनच्या रिकाम्या डब्यांचं काम बघणाऱ्या खात्याला मेल करायचा, सीएचएला प्रत द्यायची आणि दुसऱ्या यार्डाचं पत्र मागायचं. ते पत्र येईपर्यंतचे दिवस मोजू नयेत, असं त्याच मेलमध्ये लिहा. बिल आल्यावर आठ दिवसांनी केलेल्या तक्रारीला फार किंमत उरत नाही. आणि शेवटच्या दिवसाची वाट बघू नका.

प्रश्न: कस्टम्सने तपासणीसाठी माल २५ दिवस अडवला, शेवटी सगळं बरोबर निघालं. या दिवसांचं भाडं माफ होतं असं ऐकलं. खरं का? — सुटे भाग आयात करणारे, हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर: बऱ्याच अंशी खरं, पण आपोआप होत नाही. लाइनसाठी २०१८ चे सी कार्गो मॅनिफेस्ट अँड ट्रान्सशिपमेंट नियम आहेत: कस्टम्सने नोंदी पडताळण्यासाठी डबा अडवला आणि नोंदी बरोबर निघाल्या तर लाइनने त्या काळाचं डिटेन्शन मागू नये, ६० दिवसांनंतर मात्र ती मागू शकते. सीएफएस आणि आयसीडीसाठी २००९ चे हँडलिंग ऑफ कार्गो इन कस्टम्स एरियाज नियम, ज्यात कस्टम्सने अडवलेल्या किंवा जप्त केलेल्या मालावर भाडं घेऊ नये असं आहे, पण इतर कायद्यांच्या अधीन राहून. त्यामुळे बंदराच्या स्वतःच्या भाड्यावर वाद होतो.

तुम्ही आज करायचं ते असं: कस्टम्सच्या त्याच विभागाकडे डिटेन्शन-डेमरेज माफीच्या दाखल्यासाठी अर्ज द्या. त्यात माल अडवल्याची आणि सोडल्याची तारीख, आणि नोंदी बरोबर निघाल्याचा उल्लेख हवा. दाखल्याच्या प्रती लाइन आणि सीएफएस दोघांना वेगवेगळ्या पत्रांसोबत द्या. डबा सोडवायची घाई असेल तर ‘हक्क राखून, विरोध नोंदवून’ असं लिहून पैसे भरा. नुसते भरले तर मान्य केलं असा अर्थ निघतो.

हे लक्षात ठेवा की एफएसएसएआयचा अहवाल यायला लागलेले दिवस किंवा तुमचा कागद कमी पडल्याने गेलेले दिवस यात बसत नाहीत. ते आयातदाराचेच.

पुढच्या वेळी असा माल अडला तर कलम ४९ वापरा. लवकर सुटण्याची शक्यता नसेल तर डब्यातला माल सार्वजनिक गोदामात ठेवण्याची परवानगी मागता येते, सुरुवातीला ३० दिवस. माल गोदामात, डबा रिकामा होऊन लाइनकडे परत. गोदामाचं भाडं लागतं, पण लाइनचं चढतं मीटर तिथेच थांबतं. २५ पैकी २० दिवस तरी तुमचे यात वाचले असते. आणि माल उतरल्यापासून ३० दिवसांत सोडवला नाही तर कलम ४८ खाली नोटीस देऊन तो विकला जाऊ शकतो, त्यामुळे पत्रव्यवहार चालू आहे म्हणून स्वस्थ बसू नका. मुदतवाढीचा अर्ज त्याआधीच हवा.

(पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना बिलाची प्रत, बिल ऑफ लेडिंगची पहिली बाजू आणि वर मूर्तिजापूरच्या भाऊंनी पाठवल्या तशा तारखा जोडा. नावं आणि क्रमांक झाकून पाठवले तरी चालतील.)